एकाकी तरुण आणि द्वेषाची पाठशाळा

अंगुलिमालाची कथा आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेली आहे. वर्षावासातील प्रवचनांत ती येते, स्नेहसंमेलनात तिचे नाट्यही सादर होते. परंतु रंगमंचावर आपण बहुधा कथेचा उत्तरार्धच पाहतो. वनातील क्रूर दरोडेखोर, त्याच्या गळ्यातील बोटांची माळ आणि शांत पावलांनी चालत येणारे तथागत हे दृश्य आपल्या मनावर ठसलेले असते. पूर्वार्धाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

पाली अट्ठकथेनुसार या मनुष्याचे मूळ नाव अहिंसक असे होते. कोसलराजाच्या पुरोहिताचा हा पुत्र विद्याध्ययनासाठी तक्षशिलेस गेला. तेथे तो सर्वांत हुशार आणि आज्ञाधारक शिष्य ठरला. सहाध्यायांना त्याचा मत्सर वाटू लागला. त्यांनी आचार्यांचे कान भरले आणि आचार्यांनी या शिष्याचा काटा काढण्यासाठी एक हजार माणसांच्या हत्येची गुरुदक्षिणा मागितली. घरापासून फार दूर असलेला, सोबत्यांनी टाकलेला, गुरूच्या शब्दापलीकडे दुसरा शब्द ज्याच्या कानी पडत नव्हता असा तो तरुण वनात शिरला. हत्यांची मोजदाद चुकू नये म्हणून त्याने बोटांची माळ केली.

इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्हांस या पूर्वार्धाचे महत्त्व अधिक वाटते. अहिंसकाच्या ठायी जन्मतः क्रौर्य नव्हते. तो एकाकी होता. पण केवळ एकाकीपणाने कोणी खुनी होत नाही. त्याच्या एकाकीपणात एक शिक्षक शिरला आणि त्याने हत्येला कर्तव्याचे नाव दिले. द्वेष हा शिकवला जातो आणि एकटा पडलेला तरुण हा त्या शिकवणीचा सर्वांत सोपा विद्यार्थी असतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. आज ही पाठशाळा वनात भरत नाही. ती तरुणाच्या हातातील मोबाइलवर, रात्री घर निजल्यानंतर भरते.

बफेलो येथील हत्याकांड

दिनांक १४ मे २०२२, शनिवार. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या बफेलो शहरात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या भागातील एका किराणा बाजारात अठरा वर्षांचा एक गोरा तरुण शिरला. तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर मोटारीने कापून तो आला होता. तेथील कोणीही त्याच्या ओळखीचे नव्हते, कोणी त्याचे काही बिघडवलेले नव्हते. कृष्णवर्णीयांची वस्ती दाट आहे, एवढ्याच कारणासाठी त्याने ते ठिकाण निवडले होते. त्याने दहा कृष्णवर्णीय नागरिकांचे प्राण घेतले. त्यांत शहाऐंशी वर्षांची एक वृद्धा होती, गिऱ्हाइकांना वाचवताना पडलेला निवृत्त पोलीस असलेला पहारेकरी होता आणि तीन वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक आणावयास आलेला एक पिताही होता. हल्लेखोराचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. अशा माणसांना नावलौकिकाचीच हाव असते, म्हणून न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी त्यांच्या देशातील हल्लेखोराचे नाव कधीही न उच्चारण्याचा निश्चय केला होता. तो आम्हांस अनुकरणीय वाटतो.

हा तरुण असा कसा घडला? त्याने स्वतःच लिहून ठेवले होते की, कोविडच्या टाळेबंदीत, मे २०२० पासून, कमालीच्या कंटाळ्यापोटी तो ‘फोरचॅन’ या संकेतस्थळावर जाऊ लागला. तेथे सारे निनावी असतात; कोण बोलतो, का बोलतो हे कळत नाही. तेथेच त्याने क्राइस्टचर्चच्या हत्याकांडाचे चित्रीकरण पाहिले. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील त्या शहरात दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात एक्कावन्न जणांचा बळी गेला होता. त्या हल्लेखोराचा अभ्यास न्यूझीलंडच्या शाही आयोगाने केला आणि त्याचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्र विचार करावयास लावणारे आहे. लहानपणी त्याला मित्र फार थोडे होते, सहा-सात वर्षांच्या वयापासून कोणाच्याही देखरेखीविना संगणक हाताशी होता आणि चौदाव्या वर्षीच तो त्याच ‘फोरचॅन’वर जाऊ लागला होता. एका एकाकी तरुणाचे दुष्कृत्य असे तीन वर्षांनी दुसऱ्या एकाकी तरुणाचा पाठ्यक्रम ठरले.

बफेलोच्या प्रकरणातील एक गोष्ट आम्हां शिक्षकांच्या काळजाला अधिक भिडते. हल्ल्यापूर्वी सुमारे वर्षभर, जून २०२१ मध्ये, हा मुलगा शाळेच्या अखेरच्या वर्षात असताना ‘पुढे काय करणार?’ अशा आशयाचा प्रश्न एका उपक्रमात विचारला गेला. त्याने उत्तरात हत्या आणि आत्महत्या असे लिहिले. शाळेने दुर्लक्ष केले नाही. पोलिसांना कळवले गेले, त्याला तपासणीसाठी रुग्णालयात नेण्यात आले. आपण थट्टा केली, असे त्याने सांगितले आणि दीड दिवसात तो घरी परतला. पुढे शाळा संपली आणि धागाही संपला. नियमाप्रमाणे जे करावयाचे ते झाले होते. परंतु त्यानंतर त्याच्याशी रोज बोलणारे कोणी होते का, असा प्रश्न उरतो. दुसऱ्या बाजूला मात्र रोज बोलणारे पुष्कळ होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला आजन्म कारावास झाला. त्या वेळी न्यायालयात त्याने कबूल केले की, आंतरजालावर जे वाचले त्यावर त्याने विश्वास ठेवला आणि द्वेषापोटी कृत्य केले.

या पाठशाळेचा पाठ्यक्रम

अशा अनेक घटनांचा अभ्यास केला असता काही पायऱ्या पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली पायरी दुःखाची. नोकरी नाही, परीक्षेत अपयश, प्रेमात नकार, गावात अपमान, घरात कोणी ऐकून घेणारे नाही. मुलांनी रडू नये हे आपण त्यांना लहानपणापासून शिकवलेले असते. म्हणून मुलगी जे दुःख मैत्रिणीपाशी बोलते, ते मुलगा गिळतो. हे दुःख खरे असते, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे.

दुसरी पायरी विनोदाची. द्वेषाचे मंडळ आरंभी द्वेष शिकवत नाही, हसवते. एखाद्या जमातीवर, स्त्रियांवर, एखाद्या महापुरुषावर केलेले मीम येते. हसला नाही तर तो भित्रा. हसला तर तो आपला. हे तंत्र नवे नाही. रवांडा देशात १९९३ साली सुरू झालेले आरटीएलएम नावाचे रेडिओ केंद्र लोकप्रिय गाणी आणि चुरचुरीत गप्पा यांमुळे तरुणांचे आवडते झाले होते. त्याच गप्पांतून तुत्सी जमातीला झुरळे म्हटले जाई. १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत तेथे लाखो माणसे मारली गेली. त्या केंद्राच्या चालकांवर पुढे संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणापुढे खटला चालला आणि २००३ मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले. माणसाला झुरळ म्हणण्याची सवय ज्या कानांना हसत-हसत लागली, त्यांना चिरडण्याची आज्ञा पुढे अपरिचित वाटली नाही.

तिसरी पायरी स्पष्टीकरणाची. ‘तुझ्या दुःखाचे कारण आम्हांला माहीत आहे,’ असे सांगितले जाते. ते कारण म्हणजे नेहमी कोणतीतरी माणसे असतात. बफेलोच्या तरुणाला सांगण्यात आले होते की, गोऱ्या लोकांची जागा इतरांनी घ्यावी असा गुप्त कट चालू आहे. रेनो कामू या फ्रेंच लेखकाने २०११ मध्ये या कल्पनेला ‘महाविस्थापन’ अशा अर्थाचे नाव दिले. पुराव्याने ती टिकत नाही. पण एकाकी माणसाला ती दोन गोष्टी देते. त्याचे अपयश त्याचे उरत नाही, आणि इतरांना ठाऊक नसलेले गुपित आपल्याला ठाऊक आहे हा अहंकार त्याला मिळतो.

चौथी पायरी तोडण्याची. ‘घरचे भोळे आहेत, शिक्षक विकले गेले आहेत, वर्तमानपत्रे खोटी आहेत,’ असे शिकवले जाते. अहिंसकाच्या कानी जसा गुरूशिवाय दुसरा शब्द पडत नव्हता, तशीच ही अवस्था. येथे यंत्रही हातभार लावते. जो व्हिडिओ अधिक वेळ पाहिला जातो, त्याच्याच जातीचा पुढचा व्हिडिओ आपोआप समोर येतो. प्रेक्षक जितका वेळ खिळून राहील तितके कंपनीचे जाहिरातींचे उत्पन्न वाढते, आणि राग माणसाला फार वेळ खिळवून ठेवतो.

पाचवी पायरी वीरपूजेची. पूर्वीचे मारेकरी हुतात्मे ठरवले जातात, बळींचे आकडे खेळातील गुणांप्रमाणे मोजले जातात. बहुसंख्य तरुण या पायरीपर्यंत जात नाहीत. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर थांबलेले हजारो तरुणही समाजाचे आरोग्य बिघडवण्यास पुरेसे असतात.

हे आपल्या दारात नाही काय?

हे सारे परदेशातले आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या संमतीविना ठेवून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारे एक ॲप उघडकीस आले. मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी या प्रकरणी ज्यांना अटक केली, त्यांतील बहुतेक वीस-एकवीस वर्षांचे होते, काही अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते आणि एक तर अठरा वर्षांची मुलगी होती. म्हणजे हा रोग अशिक्षितांचा नाही, आणि केवळ मुलांचाही नाही.

आणि आता आमच्या स्वतःच्या दोषाची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी दहावीच्या एका विद्यार्थ्याने ‘माझ्या स्वप्नातील भारत’ या निबंधात लिहिले की, अमुक एका समाजाला हाकलल्याशिवाय देश सुखी होणार नाही. आम्ही तांबड्या शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दाखवल्या, दहापैकी सात गुण दिले आणि वही परत केली. त्या वाक्यावर एक अक्षरही बोललो नाही. मुलगा आपल्याच समाजाचा होता. आई-वडील ऊसतोडीला गेले की सुटीत तो आजीपाशी राही. गावात त्याला जातीवरून टोमणे ऐकावे लागत. दहावी होऊन तो गेला. दोन वर्षांनी एका संदेशावरून त्याला पोलीस ठाण्यात बोलावणे आले, तेव्हा त्याच्या वडिलांनी आम्हांला दूरध्वनी केला. आम्ही गेलो. ‘अरे, ज्यांचे शब्द तू पुढे पाठवलेस, ते तुलाही कधी आपला मानणार नाहीत,’ असे आम्ही म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘सर, खरं असेल. पण त्या ग्रुपवर रोज रात्री कोणीतरी विचारायचं, जेवलास का म्हणून.’

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पाच वर्षे तो आपल्या पंगतीत जेवला होता. शाळा सोडल्यानंतर दोन वर्षांत तो जेवला की नाही, हे आपल्यापैकी कोणीही विचारले नव्हते.

बाबासाहेबांचा एकांत

एकाकीपण आणि अपमान यांतून द्वेषच निपजतो, असा नियम असता तर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतका द्वेष करण्याचे कारण दुसऱ्या कोणाला होते? १९१७ साली विलायतेहून परतून ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. कोणी जागा देईना, म्हणून नाव बदलून त्यांना पारशी धर्मशाळेत राहावे लागले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. वरच्या मजल्यावर अंधाराने भरलेले प्रशस्त दालन, त्यात ते एकटे, जवळ एक लहानसा कंदील आणि वर फडफडणारी वटवाघळे. बोलावयास माणूस मिळावा म्हणून जीव तळमळत होता. माणूस नाही म्हणून त्यांनी ग्रंथांची सोबत धरली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही.

या अपमानातून त्यांनी कोणत्याही जमातीच्या नाशाचा संकल्प केला नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर परतणाऱ्या आपल्या बांधवांवर हल्ला झाला, तेव्हाही त्यांनी संतापलेल्या अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून आवरले आणि न्यायालयाचा मार्ग धरला. संताप त्यांच्यापाशी होताच. संताप अन्याय नाहीसा करू पाहतो. द्वेष माणूस नाहीसा करू पाहतो. हा भेद आपल्या तरुणांना समजावून सांगणे अत्यंत आवश्यक आहे, कारण अन्यायाविरुद्ध ठामपणे बोलणाऱ्या प्रत्येक तरुणाला माथेफिरू ठरवण्याची घाईही आपल्या देशात काही कमी नाही.

बाबासाहेबांना कंदिलाच्या उजेडात ग्रंथ सापडले. आजच्या एकाकी मुलाच्या हातात कंदिलाऐवजी मोबाइलचा पडदा आहे, आणि त्या उजेडात त्याला कोण भेटेल हे आपल्यावरही अवलंबून आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. निवारा आणि अन्न ही गरज होतीच. पण गावकुसाबाहेरून आलेल्या मुलाला प्रथमच आपल्यासारखे सोबती मिळणे, हेही वसतिगृहाचे मोठे कार्य आहे असे आम्हांस वाटते.

परतीची वाट

द्वेषाच्या वाटेवर गेलेला माणूस परत येऊ शकतो काय? अमेरिकेतील डेरेक ब्लॅक यांचे उदाहरण येथे बोलके आहे. गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणारे ‘स्टॉर्मफ्रंट’ हे संकेतस्थळ त्यांच्या वडिलांनी १९९५ च्या सुमारास उभारले. डेरेक यांचे बालपण त्याच प्रचारात गेले. २०१० मध्ये त्यांनी फ्लोरिडातील एका लहानशा निवासी महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढच्या वर्षी त्यांची खरी ओळख उघड झाली आणि अनेक विद्यार्थ्यांनी कडक निषेध केला. मात्र एका ज्यू विद्यार्थ्याने त्यांना शुक्रवारच्या रात्रीच्या धार्मिक भोजनाचे निमंत्रण दिले. पहिल्या दिवशी कोणी वाद घातला नाही. ते दर आठवड्याला जेवावयास येऊ लागले. पुढे मित्रांनी त्यांच्या एकेका समजुतीला अभ्यास आणि पुरावे दाखवून प्रश्न विचारले. मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकताना गोऱ्या वंशाच्या सनातन श्रेष्ठत्वाची कल्पना टिकत नाही, हेही त्यांना उमगले. २०१३ मध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून त्या विचारांचा त्याग केला. इतरांचा निषेधही आवश्यक होता, त्यामुळेच आपल्या विचारांनी कोणाला इजा होते हे समजले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

म्हणजे मैत्री, पुरावा आणि निषेध या तिन्हींची आवश्यकता असते. मैत्रीचा अर्थ अपराध पोटात घालणे असा नाही. अंगुलिमाल भिक्खू झाल्यानंतरही लोकांनी त्याला दगड मारले. रक्तबंबाळ होऊन तो परतला, तेव्हा हे तुझ्या कर्माचे फळ आहे, ते सहन कर, असेच तथागतांनी त्याला सांगितले. बाबासाहेबांनीही आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अंगुलिमालाच्या परिवर्तनाला स्थान दिले आहे.

आपले कर्तव्य

तथागतांनी आनंदाला सांगितले होते की, कल्याणमित्रता हा श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग नसून तेच संपूर्ण श्रेष्ठ जीवन होय. या वचनाचा निवासी विद्यालयातील व्यवहार कसा असावा, याविषयी आम्ही काही सूचना नम्रपणे मांडतो.

पंगतीत नेहमी शेवटी बसणारा, सुटीहून परतल्यावर अबोल झालेला, घरून पत्र वा फोन न येणारा विद्यार्थी कोण, हे वर्गशिक्षकास ठाऊक असावे. एकटे राहणे हा अपराध नाही. एकांतप्रिय मुलाकडे संशयाने पाहू नये, त्याच्याजवळ बसावे.

जातीवरून, धर्मावरून, रंगावरून ठेवलेली टोपणनावे व थट्टा वसतिगृहाच्या खोलीतच थांबवावी. दुसरी पायरी तेथेच असते.

मोबाइलवर केवळ बंदी घालून भागत नाही. सुटीत तो हातात येतोच. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश वर्गात प्रत्यक्ष वापरावा. इतिहासाच्या तासाला महिन्यातून एकदा एखादा फॉरवर्ड संदेश घ्यावा आणि विद्यार्थ्यांनीच विचारावे : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, पुरावा कोणता, आणि आपण चिडावे यात कोणाचा लाभ आहे?

वहीत किंवा बोलण्यात द्वेषाचे वाक्य आढळले, तर त्याच दिवशी त्या मुलाशी एकांतात बोलावे. आम्ही केलेली चूक कोणी करू नये. हिंसेची वा आत्महत्येची भाषा असेल, तर पालकांना आणि तज्ज्ञांना कळवण्यात विलंब करू नये; शासनाची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आणि शेवटची सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी आहे, कारण ही स्मरणिका त्यांच्या हाती जाणार आहे. दहावीनंतर आपली मुले पुण्या-मुंबईत, औद्योगिक वसाहतींत, भाड्याच्या खोल्यांत पांगतात. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या मागच्या तुकडीतील दोन-तीन मुलांचा क्रमांक जवळ ठेवावा आणि आठवड्यातून एकदा विचारपूस करावी. त्यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

आमचा तो विद्यार्थी आता एका कारखान्यात कामास आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी तो वसतिगृहात येतो, लहान मुलांच्या पंगतीत वाढण्यास उभा राहतो. त्याचे सारे विचार बदलले, असे आम्ही म्हणणार नाही. काही बाबतींत तो अजूनही आमच्याशी वाद घालतो. आम्हीही वाद घालतो. मात्र रविवारी रात्री तो खोलीवर पोहोचला की आमचा फोन जातो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : जेवलास का?

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.